टार्गेट एन्कोडर ७ महिने वापरून: काम चोख, पण पाठ फिरवली की घात

सात महिने झाले टार्गेट एन्कोडर, म्हणजे कोडच्या कॉलमांचे आकडे करून देणारं साधन, जवळपास रोज वापरतोय, आता लिहायला हरकत नाही. माझं काम म्हणजे ऑर्डर परत येणार का नाही याचा अंदाज बांधायचा, आणि डेटात विक्रेता कोड, प्रॉडक्ट कोड असले कॉलम, एकेकात हजारोंनी वेगवेगळ्या व्हॅल्यू. आधी वन-हॉट करायचो, म्हणजे प्रत्येक व्हॅल्यूला वेगळा ०-१ चा कॉलम, त्यात कॉलमांचा नुसता पूर यायचा, आणि ट्री मॉडेल (हो-नाही प्रश्नांनी डेटाचे तुकडे करत जाणारं) बिचारं एका स्प्लिटला एक विक्रेता बाजूला काढत बसायचं. मग नुसते नंबर देऊन पाहिले तर ४१२ नंबरचा विक्रेता ४११ पेक्षा मोठा ठरला, कशाने मोठा ते देवालाच ठाऊक.

टार्गेट एन्कोडिंगमध्ये काय करतात, तर त्या विक्रेत्याच्या ऑर्डरींपैकी किती परत आल्या त्याची सरासरी काढायची आणि कोडच्या जागी तो आकडा ठेवून द्यायचा. झालं, हजार कॉलमांचं काम एका कॉलमात. आयडिया काही नवी नाही, मिच्ची-बरेकाचा पेपर २००१ चा आहे, पण सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीत हे थेट मिळायला लागलं १.३ व्हर्जनपासून, म्हणजे २०२३ मध्ये. त्याआधी कॅटेगरी एन्कोडर्स नावाची लायब्ररी होतीच, नाहीतर पांडाज या डेटाच्या लायब्ररीत ग्रुपबाय (म्हणजे गट पाडून) हाताने.

पहिला महिना मी हवेत होतो. ट्रेनिंगचा स्कोअर असा काही वर गेला की मला वाटलं आपण जिंकलो, आणि टेस्टवर (मॉडेलने न पाहिलेल्या डेटावर) लावल्यावर मॉडेल तोंडावर आपटलं. दोन दिवस डेटाला शिव्या घातल्या, चूक निघाली माझ्या एका ओळीत. मी आधी फिट केलं (सरासऱ्या काढल्या) आणि मग त्याच ट्रेनिंग डेटावर ट्रान्सफॉर्म (कोडच्या जागी आकडे घातले). आता ज्या प्रॉडक्टची अख्ख्या डेटात एकच ऑर्डर आहे त्याची सरासरी म्हणजे काय, तर त्या ऑर्डरचं उत्तरच की! मॉडेलला प्रश्नपत्रिकेसोबत उत्तरपत्रिका दिल्यावर ते अभ्यास कशाला करेल.

सायकिट-लर्नवाल्यांनी यावर उपाय आतच ठेवलाय, फक्त तो फिट-ट्रान्सफॉर्म एकत्र बोलावलं तरच चालतो. डेटाचे ५ भाग करायचे, आणि प्रत्येक भागाला आकडा द्यायचा तो बाकीच्या ४ भागांवरून काढलेला, म्हणजे कुठल्याच ओळीला स्वतःचं उत्तर दिसत नाही. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये एकाच विक्रेत्याचे पाच वेगवेगळे आकडे दिसू शकतात, मला आधी तो बगच वाटला होता. पाइपलाइनमध्ये (सगळ्या पायऱ्या क्रमाने चालवणाऱ्या साखळीत) टाकलं तर हे आपोआप बरोबर होतं, म्हणून आता पाइपलाइनच्या बाहेर मी हात लावत नाही. आणि हो, कॅटेगरी एन्कोडर्समध्येही टार्गेट एन्कोडर याच नावाचा क्लास आहे, पण तो असे भाग पाडत नाही. नाव सारखं म्हणून इम्पोर्टची ओळ बदलून मोकळे होऊ नका.

दुसरी भानगड स्मूदिंगची. थोड्या ओळींच्या कॅटेगरीवर (एक विक्रेता किंवा एक प्रॉडक्ट म्हणजे एक कॅटेगरी) भरवसा नको म्हणून तिचा आकडा एकूण सरासरीकडे ओढतात. समजा एकूण १२ टक्के ऑर्डर परत येतात आणि एका विक्रेत्याच्या २ पैकी २ आल्या, तर कच्ची सरासरी १. स्मूदिंग २० ठेवलं, म्हणजे एकूण सरासरीला २० ओळींचं वजन दिलं, की (२ + २० × ०.१२) भागिले २२, म्हणजे ०.२, पटण्यासारखं. मी मात्र बरेच दिवस डिफॉल्ट ऑटोवर निर्धास्त होतो. ते ऑटो कॅटेगरीच्या आतला चढउतार बघून ठरवतं किती ओढायचं, आणि २ पैकी २ मध्ये चढउतार शून्य, त्यामुळे ओढतच नाही, आकडा १ चा १ राहतो! नेमकं जिथे गरज तिथेच. बारक्या कॅटेगरी खूप असतील तर आकडा स्वतः द्या, मी १० ते ५० मध्ये ट्राय करून ठरवतो.

लीव्ह-वन-आउट पण वापरून पाहिलं, ऐकायला फार शहाणं वाटतं, स्वतःची ओळ सोडून बाकीच्यांची सरासरी. आता एका विक्रेत्याच्या १० ऑर्डर, ४ परत आलेल्या असं धरा. परत आलेल्या ओळीला मिळतात ३/९ म्हणजे ०.३३, न आलेलीला ४/९ म्हणजे ०.४४. ट्रीने मध्ये ०.४ ला रेघ मारली की त्या विक्रेत्याची सगळी उत्तरं उघडी, तीसुद्धा उलटी. एका संध्याकाळीच बंद केलं.

नवीन विक्रेता आला तर एकूण सरासरी मिळते, एरर येत नाही, त्याबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती तारखेची. ते ५ भाग डीफॉल्टने पिसून पाडलेले असतात, त्यामुळे मार्चच्या ऑर्डरला जूनच्या ऑर्डरींवरून काढलेला आकडा मिळू शकतो. माझ्यासारखा तारखेने चालणारा डेटा असेल तर हे चालत नाही. तिथे मी कॅटबूस्टवर (असलं एन्कोडिंग आतच करणारी ट्री मॉडेलची लायब्ररी) गेलो, ते ओळीला फक्त तिच्या आधीच्या ओळींवरून आकडा देतं, पण स्वतः रँडम क्रम लावतं, म्हणून डेटा तारखेने लावून हॅज-टाइम ही सेटिंग चालू करावी लागते. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं.

आता एक सवय लावून घेतलीय, डेटात एक बोगस कॉलम घालतो, पूर्ण रँडम कोड, हजारभर व्हॅल्यू, आणि तोही बाकीच्यांसोबत एन्कोड करतो. सगळं ठीक असेल तर फीचर इम्पॉर्टन्समध्ये (मॉडेलला कुठला कॉलम किती कामाचा, त्या यादीत) तो तळाशी लोळत पडलेला असतो. मागच्या महिन्यात बघतो तर साहेब दुसऱ्या नंबरवर. घाईत एका नोटबुकमध्ये कोणीतरी फिट वेगळं आणि ट्रान्सफॉर्म वेगळं लिहिलं होतं. हिस्टरी काढली, तो कोणीतरी मीच.