इंग्लिश खेळू की रेटी? सोलापूरच्या रॅपिड (कमी वेळाचं) बुद्धिबळवाल्यांसाठी

पांढऱ्याने पहिली चाल ई४ करायचा कंटाळा आलाय, त्यावर काळ्याच्या सिसिलियन बचावाच्या (सी५) लाईन्स पाठ करायला वेळ नाही, आता मधली प्यादी लगेच न ढकलता बाजूने ओपनिंग करायचंय असं म्हणणारे आपल्या सोलापुरात बरेच भेटतात. मग प्रश्न तोच, सी४ (इंग्लिश) की घोडा एफ३ (रेटी)? दोन्ही भरपूर खेळलोय म्हणून लिहितोय.

इंग्लिश भारीच आहे, वाद नाही. १९८७ ला सेव्हिलमधे जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हला शेवटचा डाव जिंकणं भागच होतं, तेव्हा त्याने सी४ नेच सुरुवात केली आणि टायटल राखलं. पण समोर कार्पोव्ह होता. इकडे मे महिन्यातल्या स्पर्धेत समोर बसतं शाळेतलं पोरगं, सी४ दिसलं की सेकंदात ई५, मग एफ५, कॅसलिंग, वजीर ई८ वरून एच५ ला, उंट एच३, घोडा जी४. तुम्ही तिकडं बी४-बी५ करत छान जागा मिळवताय, कॉम्प्युटर इंजिनला विचारलं तर पांढरं मजेत आहे, पण घड्याळात थोडीच मिनिटं उरलीत आणि राजाच्या तोंडावर एफ४ येऊन पडलं की आपल्याला प्रत्येक चाल नेमकी शोधावी लागते अन् त्याला फक्त पाठ केलेली पुढची खेळायची असते. मी बदललो ते एवढ्याचसाठी.

घोडा एफ३ ने ते लगेचचं ई५ बंदच होतं की ओ. डी६ करून आणायला गेला तर मधे आपलं डी४ तयार.

रेटीतही त्रास आहेच. काळ्याचं डी५, आपलं सी४, यानंतर काळं प्यादं डी४ ला येऊन बसतं ते बऱ्याच जणांना आवडत नाही. २०२४ ला सिंगापूरमधे जगज्जेतेपदाच्या लढतीत ११व्या डावात गुकेशने याच पोझिशनमधे बी४ टाकलं आणि २९ चालींत डिंगला हरवलं. दुसऱ्याच दिवशी डिंगने सी४ खेळून परतफेड केली, त्यामुळं अमुकच ओपनिंग जास्त ताकदीचं असं मी म्हणणार नाही.

काळ्याने ड्रॅगन (सिसिलियनचाच एक प्रकार) खेळत असाल तर सी४ ई५ मधे तुम्हाला पांढऱ्याने तेच एक चाल जास्त घेऊन मिळतं, तुम्ही इंग्लिश घ्या. बाकीच्यांनी माझ्या मते आधी रेटी लावून बघावी, डी४ ने सुरुवात करणाऱ्यांना तर मधेच आपल्या नेहमीच्या डी४ च्या ओपनिंगकडे वळता येतं. फक्त घोडा एफ३ ला सी५ आलं तर काय करायचं ते आधीच ठरवून बसा. मी सी४ करून सिमेट्रिकल इंग्लिश (दोघांचंही सी प्यादं पुढे) घेतो, तिथं निदान ते एफ५-एफ४ चं वादळ सहसा येत नाही.