खरा दात की प्रतिकृती?

भाच्याचा अकरावा वाढदिवस जवळ आलाय आणि सदाशिव पेठेतली ताई पेचात पडलीय: स्पायनोसॉरस या डायनासोरचा खरा दात घ्यावा की टी-रेक्सच्या दाताची रेझिनची प्रतिकृती? (तळजाई टेकडीवर शोधायचा विचारही नको. पुण्याखाली लाव्हाचा बेसाल्ट आहे, त्यात असे दात मिळत नाहीत.)

खर्चाचं म्हणाल तर लहान, टोक झिजलेला खरा दात वाटतो तितका महाग नसतो. डायनासोरांचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. त्यामुळे मोरोक्कोच्या सुमारे १० कोटी वर्षं जुन्या केम केम नावाच्या खडकांच्या थरांत ते विपुल सापडतात. गोम इथेच आहे: दोन-तीन तुकडे चिकटवून, वर वाळू थापून 'अखंड' दात विकले जातात. अतिनील टॉर्चखाली डिंक बहुतेक वेळा चमकतो. विक्रेत्याचं प्रमाणपत्र मी तरी मोजत नाही.

सांगण्यासारखं दोन्हींत आहे. स्पायनोसॉरसचा दात शंकूसारखा, उभ्या रेघांचा. कडेला करवत जवळजवळ नाहीच, म्हणजे निसटता मासा पकडायला. मूळ नसेल, तर तो बहुधा जिवंतपणीच पडलेला. टी-रेक्सचा मुळासकट जवळपास ३० सेंटिमीटर, दोन्ही कडांना दाते: मांस फाडायला. हे चांगल्या प्रतिकृतीतही बोटांना कळतं.

टिकाऊपणात प्रतिकृतीच सरस. खरा दात शहाबादी फरशीवर पडला की संपलं.

वर्गात फिरवायचा असेल तर प्रतिकृती घ्या. कापसाच्या डबीत जपणाऱ्या, भिंग घेऊन बसणाऱ्या पोराला खराच द्या, लहान का असेना. आमचा भाचा? प्रतिकृती. त्याने मागच्या महिन्यात दोन चष्मे फोडलेत.