नाताळची मिस्सा: अंगात कणकण असताना रात्री जावं की सकाळी?

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेतून खोकला घरी येतो. आधी मुलांना होतो, मग ती हुंदडायला लागली की आईबापांना धरतो. वसईकडच्या किती घरांत हे दरवर्षी होत असेल! सारण डब्यात पडून, चांदणी माळ्यावरून काढायची राहिलेली, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा अर्धा झालेला आणि घरातलं मोठं माणूस तापाने अंथरुणात. बाकी सगळ्यात काटछाट करता येते. करंज्या गावातल्या बायकांकडून घेता येतात, गोठा मुलांच्या हातचा वेडावाकडा चालतो, इंद्याल, म्हणजे मांसाचा आंबट-तिखट रस्सा, तर आदल्या दिवशी केलेलाच जास्त मुरतो. मिस्सेचा, म्हणजे चर्चच्या सामूहिक उपासनेचा, प्रश्न मात्र काटछाट करून सुटत नाही. २४च्या रात्री जायचं की २५च्या सकाळी?

लहान मुलं सोबत घेऊन आणि आजारी अंगाने मी दोन्ही करून पाहिलेलं आहे. प्रत्येकाचं घर वेगळं, चर्च किती लांब तेही वेगळं, त्यामुळे माझं तेच खरं असं म्हणत नाही. पण यंदा ठरवायला बसला असाल तर माझा अनुभव कदाचित कामी येईल.

रात्रीच्या मिस्सेची सर कशालाच नाही, हे आधी मान्य करायला हवं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, रविवारी गाळलेलं गौरवगीत त्या रात्री पुन्हा सुरू होतं, घंटा वाजतात, बाळ येशूची मूर्ती गोठ्यात ठेवली जाते. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वाचन रात्रीच ऐकावं, आणि लूकच्या शुभवर्तमानातला गोठ्याचा प्रसंगही रात्रीच. मिस्सा संपल्यावर आवारात सगळं गाव भेटतं. मुंबईहून आलेले चुलत भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, शाळेतले मित्र. हे सगळं सकाळी अर्ध्याने कमी असतं. लहानपणापासून नाताळ म्हणजे हीच रात्र असं ज्यांच्या मनात बसलंय, त्यांना सकाळची मिस्सा म्हणजे काहीतरी हुकल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं.

आता रात्रीची वेळही पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा सरकारला आहे, तीही वर्षात १५ दिवसांपुरतीच. त्यामुळे मैदानात होणाऱ्या मिस्सा बऱ्याच ठिकाणी लवकर सुरू होतात. तुमच्याकडची वेळ आधी विचारून घ्या. आठ वाजता सुरू होणारी आणि अकराला सुरू होणारी, या दोघींत आजारी माणसासाठी जमीनअस्मानाचा फरक आहे.

तरीही माझं मन ज्या एका गोष्टीने फिरलं ती वेळेमुळे बदलत नाही. ती म्हणजे खांद्यावर झोपलेलं मूल आणि छातीतला खोकला.

प्रवचन सुरू झालं की धाकटा पेंगायला लागतो. खुर्ची प्लॅस्टिकची, दवाने ओली. त्याला खुर्चीत झोपवता येत नाही, म्हणून उचलून खांद्यावर घ्यावं लागतं. त्याचं डोकं बरोबर आपल्या गळ्याशी येतं. आता खोकला आला की छाती हलते, छाती हलली की तो दचकतो, दचकला की रडतो. म्हणून खोकला दाबायचा. दाबला की घशात काटे येतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, श्वास अडकतो. हे नेमकं होतं ते अर्पणाच्या वेळी, जेव्हा सगळं मैदान शांत असतं. पाणी प्यायला उठावं तर रांगेतले आठदहा गुडघे ओलांडायचे, तेही मूल आणि शाल सांभाळत. ज्या क्षणासाठी तापात उठून आलो, त्या क्षणी माझं सगळं लक्ष पुढची उबळ कशी टाळायची यात असायचं. गाणं कानावर पडायचं, आत काही पोहोचायचं नाही.

घरी परतणं त्याहून कठीण. स्कूटरवर पुढे थोरली, मागे बायको, तिच्या मांडीवर झोपलेला धाकटा. खोकल्याच्या कित्येक औषधांनी गुंगी येते, बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. ते घेऊन रात्री गाडी चालवायची नाही, आणि न घेता मिस्सा निभत नाही. आम्ही शेवटी रिक्षा करायचो, आणि त्या रात्री रिक्षा मिळणं सोपं नसतं. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत दीड वाजायचा. मुलं मात्र नाताळच्या सकाळी उजाडायच्या आत उठतात, आदल्या रात्री कितीही वाजता झोपलेली असोत. मग मुलांचा सण सुरू होतो आणि आपण दिवसभर डोळे उघडे ठेवण्याच्या प्रयत्नात.

सकाळच्या मिस्सेला हा सगळा भाग नाही. मूल जागं असतं, स्वतःच्या पायांवर चालतं, गोठ्यातल्या मेंढ्या मोजायला ओढत नेतं. खांदा मोकळा असल्यामुळे हवं तेव्हा बाजूला जाऊन खोकता येतं. ऊन अंगावर येतं, आणि तापातून उठलेल्या अंगाला डिसेंबरचं कोवळं ऊन औषधाइतकंच लागतं. गर्दी कमी, त्यामुळे दाराजवळची जागा मिळते. वाचनंही काही कमी नाहीत. पहाटेच्या मिस्सेत मेंढपाळ लगबगीने बेथलेहेमला जाऊन बाळाला पाहतात तो भाग येतो, आणि मुलांना तोच सगळ्यांत जवळचा वाटतो. दिवसाच्या मिस्सेला योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात असते. ती मुलांना कळत नाही, पण मोठ्यांना पुन्हा पुन्हा ऐकावी अशी आहे. धर्मगुरू सोयीप्रमाणे रात्रीची वाचनंही घेतात, तेव्हा गोठ्याचा प्रसंग सकाळीही कानी पडू शकतो.

सकाळचा त्रास म्हणाल तर तयारीचा. ताप उतरलेल्या घामेजल्या अंगाने आंघोळ, मुलांचे नवे कपडे, थोरलीच्या वेण्या, आणि त्यातच पहिला पाहुणा दारात. यावर आमचा तोडगा साधा आहे. कपडे, मोजे, पिना, सगळं २४च्या संध्याकाळी एका खुर्चीवर काढून ठेवायचं, आणि पाहुण्यांना दुपारनंतर या असं मोकळेपणाने सांगायचं. कुणी वाईट वाटून घेत नाही. नाताळकाळ एका दिवसाचा नसतोच. १ जानेवारीपर्यंत आठ दिवसांचा अष्टाह चालतो, पुढे प्रभुप्रकटीकरण, मग प्रभूचा बाप्तिस्मा हे सण येतात. ज्यांना भेटायचं राहिलं त्यांच्याकडे वर्षाअखेरीला जा, करंज्या तेव्हाही खुसखुशीत असतात.

मनाला जी टोचणी लागते तिच्याबद्दल थोडं. रात्री गेलं नाही तर काही उणं राहिलं असं वाटणारे आपल्यात बरेच आहेत. चर्चची शिकवण इतकी कडक नाही. आदल्या संध्याकाळची असो, रात्रीची असो की दिवसाची, कोणत्याही मिस्सेने नाताळला मिस्सेला जाण्याचं कर्तव्य पूर्ण होतं. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल ही मिस्सेला न येण्याची सबळ कारणं आहेत असं कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, २१८१व्या परिच्छेदात, नाव घेऊन लिहिलेलं आहे. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्याआधीच्या एका तासाच्या उपवासाचंही तसंच. पाणी आणि औषधाने तो मोडत नाही, आणि आजारी माणसाला व त्याची सेवा करणाऱ्याला त्या तासात काही खाल्लं तरी चालतं. मला हे वाचून फार हलकं वाटलं होतं. दोन घास मऊ भात खाऊन, गोळी घेऊन सकाळी चर्चला जायला काहीही हरकत नाही.

काही घरांत आईबाप वाटून घेतात. धडधाकट असलेला रात्री मोठ्या मुलाला घेऊन जातो, आजारी असलेला सकाळी लहानाला. घरात एकच जण आजारी असेल तर हा मार्ग वाईट नाही. मला तो फारसा रुचला नाही, कारण चौघं एका रांगेत बसण्यातच मला नाताळ वाटतो. पण थोरलं मूल गायनवृंदात असेल तर याला पर्याय नाही. त्याला नेणारं कुणीतरी हवंच.

आणि ताप चढलेलाच असेल, अंग ठणकत असेल, तर दोन्ही सोडा. फ्लू घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसणं बरं नव्हे. आधी कळवलं तर आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घरी आणून देण्याची सोय होते. नुसता बारीक खोकला उरला असेल तर मास्क लावून जा. शांतीचं अभिवादन आपल्याकडे हात जोडूनच करतात, आणि बाळ येशूचं चुंबन घेण्याऐवजी मान लववली तरी भक्तीत काही कमी होत नाही.

२४ची रात्र अगदी कोरडी जाऊ नये म्हणून आम्ही एक करतो. जेवण लवकर उरकून दिवे मालवतो, गोठ्यातली माळ तेवढी लावतो. थोरली लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या चौदा ओळी मोठ्याने वाचते, धाकटा बाळ येशूला गवतावर ठेवतो. गाणं मात्र म्हणवत नाही, आवाजच बसलेला असतो, म्हणून ते बायको म्हणते. नऊला मुलं झोपतात, साडेनऊला आम्ही. दूरच्या चर्चचा ध्वनिक्षेपक ऐकू आला तर तेवढा वेळ रुखरुख लागते, नाही असं नाही.

पण सकाळी सहाला मुलं अंगावर उड्या मारत उठवतात तेव्हा मी त्यांच्याबरोबर उठू शकतो. मुलं मोठी झाली, स्वतःची स्वतः चालत घरी येऊ लागली की आम्ही रात्रीच्या मिस्सेला परत जाणार आहोत, आणि तब्येत ठणठणीत असेल तर तुम्हीही यंदा रात्रीच जावं असं मी म्हणेन. खोकला छातीत असेल आणि कडेवरचं मूल अजून तीनचार वर्षांच्या आतलं असेल, तर मात्र माझं मत सकाळच्या बाजूने. पहाटेची मिस्सा असेल तर ती धरा, आणि दाराजवळची खुर्ची मिळेल इतकं लवकर पोहोचा.