यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह: चांगल्या फ्लॉपीला उत्तम, खराब फ्लॉपीपुढे मुका

जुन्या फ्लॉप्यांतलं काम बाहेर काढायचं असेल तर आज सहज मिळतो तो साडेतीन इंची यूएसबी ड्राइव्ह. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतला. वेगळा अडॅप्टर नको, ड्रायव्हर नको. लॅपटॉपला लावला की ए ड्राइव्ह हजर. फ्लॉपी धडधाकट असेल तर १.४४ एमबी मिनिट-दीड मिनिटात उतरते. इथपर्यंत तक्रार नाही.

पण माझ्याकडच्या फ्लॉप्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या काळातल्या आहेत. पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रामच्या फाइली, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले दिवाळी अंकांचे लेख. इतकी वर्षं मुंबईच्या दमट हवेत काढलेली फ्लॉपी धडधाकट कुठून असणार? आणि नेमका तिथेच हा ड्राइव्ह कमी पडतो. बिघाड कसलाही असो, विंडोज बहुतेक वेळा एकच सांगतं: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. कृपा करून करू नका. होतं-नव्हतं ते सगळं जाईल.

म्हणून मी जुना पेंटियम संगणक अजून मोडीत काढलेला नाही. आतल्या चपट्या रिबन केबलवरचा ड्राइव्ह आणि डॉस, विंडोजच्या आधीची ती काळ्या पडद्यावरची प्रणाली. डॉसचे एरर तेव्हा सगळ्यांना वैताग वाटायचे, पण बिघाड कुठे आहे हे ते बरंच नेमकं सांगतात.

'नॉट रेडी' म्हणजे फ्लॉपी नीट बसलेली नाही किंवा फिरत नाही. काढून परत घाला. 'डेटा एरर' आला की मला तर हायसं वाटतं, कारण सेक्टर (फ्लॉपीवरचा माहितीचा छोटा कप्पा) सापडलेला असतो, फक्त वाचलेल्या मजकुराचा सीआरसी, म्हणजे चूक पकडायचा पडताळा-आकडा, जुळत नसतो. 'अबॉर्ट, रीट्राय, फेल?' विचारलं की आर दाबत राहायचं. बऱ्याचदा पुढच्या एखाद्या फेरीत सेक्टर निघतो. 'सेक्टर नॉट फाउंड' त्याहून वाईट. तिथे सेक्टरचा पत्ताच वाचता येत नाही. मात्र फ्लॉपी ज्या ड्राइव्हवर लिहिली त्याचं हेड जरा सरकलेलं असेल तरीही हेच दिसतं, म्हणून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघितल्याशिवाय ती टाकून देऊ नका. 'जनरल फेल्युअर' आला तर डॉसला फॉरमॅटच ओळखता येत नाही. ट्रॅक शून्य, म्हणजे तबकडीवरचं सगळ्यात बाहेरचं वर्तुळ, गेला असण्याची शक्यता मोठी, कारण फ्लॉपीची ओळख सांगणारा बूट सेक्टर आणि फाइलींची यादी तिथेच असते. हाच एरर प्रत्येक फ्लॉपीला येत असेल तर दोष ड्राइव्हचा.

सगळ्यात धोकादायक बिघाड मात्र एररच देत नाही. फ्लॉपी बदलली तरी आधीच्याच फ्लॉपीची यादी दिसते. केबलच्या ३४ नंबरच्या तारेवरून 'डिस्क बदलली' हा निरोप कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला जातो. तो पोचला नाही की असं होतं. अशा वेळी चुकून काही सेव्ह केलं तर जुनी यादी नव्या फ्लॉपीवर लिहिली जाते आणि दोन्हींचा घोळ होतो. म्हणून ड्राइव्ह कुठलाही असो, आधी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा. मग लिहिणं बंद.

आणखी एक. फ्लॉपी घालण्याआधी पत्र्याची झडप बाजूला सारून तबकडी उजेडात तिरकी धरा. पांढुरके, धुरकट ठिपके दिसले तर ती बुरशी. तशीच घातली तर ती हेडला चिकटते, आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडा येऊ शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून, पूर्ण वाळवून मगच घाला.

हा यूएसबी ड्राइव्ह घ्यावा का? घ्या, पण तो लिनक्सवर डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या प्रोग्रामबरोबर वापरा. आधी अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलीतली हुबेहूब नक्कल निघते, मग फक्त अडलेल्या सेक्टरांवर पुन्हा प्रयत्न होतात, आणि कुठले सेक्टर राहिले त्याचा नकाशाही हातात येतो. सव्वापाच इंची फ्लॉप्या असतील तर याचा काहीच उपयोग नाही. पाचपैकी तीन तारे.