साडेसहा हजारांचे पॅकेज आणि अर्ध्या तासाचा सल्ला

वरूड तालुक्यातील संत्रा बागायतदारांना झाडांविषयी सल्ला देण्याचा स्वतंत्र व्यवसाय सुरू करायचे मी गेल्या वर्षी ठरवले, तेव्हा पिकांवरच्या औषधांच्या कंपनीतील अकरा वर्षांची नोकरी सोडून झाली होती, हाती कृषी पदवी आणि एक जुनी मोटारसायकल होती, आणि कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मी अगदी कोरा होतो. म्हणून जवळच्या बाजारपेठेच्या गावातील एका व्यवसाय-नोंदणी कार्यालयाची सेवा घेतली. त्या कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण अशाच पॅकेजच्या पाट्या आता प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसतात आणि माझा अनुभव बहुधा सर्वांनाच लागू पडेल.

पॅकेजची किंमत ६,५०० रुपये होती. त्यात उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची केंद्र सरकारकडील नोंदणी), दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचना, जीएसटी क्रमांक, चालू खाते उघडण्यास मदत, रबरी शिक्का, लेटरहेड आणि २०० व्हिजिटिंग कार्डे एवढे सारे होते. कामाचा उरक उत्तम होता. आठ दिवसांत सगळे हातात पडले, फोन केला की उचलला जाई आणि पैशांची पावती न मागता मिळाली. एवढ्यापुरते मी समाधानी आहे.

आता त्या कागदांची खरी किंमत पाहू. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून ती पूर्णतः मोफत आहे. आधार आणि पॅन हाताशी असेल तर मोबाइलवर अर्ध्या तासात होते आणि कोणताही दाखला जोडावा लागत नाही. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार परवाना नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. माझ्याकडे तर कामगार म्हणून मी एकटाच. तरीही हे दोन्ही कागद निरुपयोगी नाहीत, कारण एकल मालकीच्या व्यवसायाचे चालू खाते उघडताना बँक व्यवसायाच्या नावाचे पुरावे मागते आणि माझे खाते याच दोन कागदांवर उघडले. तेव्हा ज्याला संगणकाची धास्ती वाटते त्याने या कामासाठी हजारभर रुपये मोजले तर ते मी वाया गेले असे म्हणणार नाही.

माझा खरा आक्षेप जीएसटी क्रमांकाविषयी आहे. केवळ सेवा देणाऱ्यास वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही, आणि शेतकऱ्यांना शास्त्रीय ज्ञान पोहोचवणारी कृषी विस्तार सेवा तर करमुक्त यादीतच आहे. माझ्या पहिल्या वर्षाची जमा दोन लाखांच्याही आत होती. ‘क्रमांक असला की वजन पडते’ असे कार्यालयातील तरुणाने सांगितले आणि मी मान डोलावली. मात्र क्रमांक घेतल्यावर व्यवहार शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागते, हे त्याने सांगितले नाही. शून्य विवरणपत्राला उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये आणि एका विवरणपत्रामागे कमाल ५०० रुपये विलंब शुल्क लागते. तीन महिन्यांनी मला जाग आली तेव्हा १,२०० रुपये भरून, क्रमांक रद्द करण्याचा अर्ज देऊन आणि वर पुन्हा अंतिम विवरणपत्र भरून मी त्यातून सुटलो.

याच्या उलट, जे खरोखर बंधनकारक होते ते पॅकेजमध्ये नव्हतेच. महाराष्ट्रात तांत्रिक सल्लागारास व्यवसाय करासाठी नाव नोंदवून दरवर्षी २,५०० रुपये भरावे लागतात, आणि हे मला पुढे एका कृषी सेवा केंद्राच्या मालकाकडून बोलता बोलता समजले. नको तो क्रमांक आग्रहाने द्यावा आणि हवी ती नोंदणी गाळावी, यामागे लबाडी असेल असे मला वाटत नाही. पाटीवर जे छापलेले असते तेच विकायची सवय मात्र नक्की असावी.

असे असूनही या कार्यालयात मी पुन्हा गेलो आणि जात राहीन. दर बुधवारी तेथे एक वयस्कर हिशेबनीस बसतात. माझी फाइल चाळताना त्यांनी सहज विचारले, “तुम्ही नेमके विकणार काय?” सल्ला, असे मी म्हणताच ते हसले आणि म्हणाले की, आपल्या भागात सल्ला औषधाच्या बाटलीसोबत फुकट मिळतो, तेव्हा बाटलीविना तो घेईल कोण, याचा आधी विचार करा. पुढचा अर्धा तास त्यांनी माझ्या व्यवसायाची जी उलटतपासणी केली ती पॅकेजच्या कोणत्याही ओळीत नव्हती, आणि साडेसहा हजारांतील बहुतेक मोल माझ्या लेखी त्या अर्ध्या तासाचे आहे.

मी भेटीमागे ३०० रुपये आकारणार होतो. त्यांनी तो बेत मोडून काढला. भेटीला पैसे लागतात म्हटल्यावर शेतकरी शक्य तितके बोलावणे टाळतो आणि झाडाखाली फळांचा सडा पडल्यावरच फोन करतो. तोवर फायटोफ्थोरा हा कुजवणारा रोग मुळांपर्यंत पोहोचलेला असतो, बुंध्यावर डिंक दिसू लागतो, भारी काळ्या जमिनीत पाणी साचलेले असते आणि सल्लागाराजवळ सांगण्यासारखे थोडेच उरते. त्यापेक्षा झाडांच्या संख्येवर संपूर्ण बहाराचा, म्हणजे फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंतच्या हंगामाचा, एकच दर ठरवावा, आंबिया बहाराचा ताण तोडताना, म्हणजे फुलोऱ्यासाठी थांबवलेले पाणी झाडांना पुन्हा देताना, निम्मी रक्कम घ्यावी आणि उरलेली फळे तोडणीला आल्यावर घ्यावी, असे त्यांनी सुचवले. चिठ्ठीवर औषधाचा मूळ घटक लिहावा, कंपनीचे नाव लिहू नये आणि कोणत्याही दुकानाकडून कमिशन घेऊ नये, हेही त्यांचेच म्हणणे. अकरा वर्षे कंपनीची बाटली खपवणाऱ्या माणसाला हे ऐकताना थोडे अवघडल्यासारखे झाले, हे कबूल करतो. आयकराचे विवरणपत्र तांत्रिक सल्लागार म्हणून भरून एकूण जमेची निम्मी रक्कम नफा दाखवण्याची सोय आहे, म्हणजे हिशेबाच्या वह्यांचा पसारा वाचतो, हे त्यांनी जाता जाता सांगितले.

पहिल्याच गावात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या असलेल्या एका काकांनी मला विचारले, “सल्ल्याचेबी पैसे घेता का भाऊ तुमी?” त्यांना बहाराचा दर सांगितला, चिठ्ठीवर कंपनी नसते हे दाखवले आणि ही चिठ्ठी कोणत्याही दुकानात चालेल असे म्हटले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले व मग अडीचशे झाडांचा बगीचा दाखवायला घेऊन गेले. आज माझ्याकडे १७ बगीचे आहेत. उत्पन्न नोकरीच्या पगाराएवढे अजून झालेले नाही.

तेव्हा अशा कार्यालयाकडे जाणाऱ्यास माझे सांगणे एवढेच की, पूर्ण पॅकेज घेऊ नये. उद्यम नोंदणी स्वतः करावी, व्यवसाय कराची नोंदणी आवर्जून मागावी, उलाढाल मर्यादेजवळ येईपर्यंत जीएसटीला नकार द्यावा आणि अनुभवी माणूस बसत असेल तो वार विचारून त्याच्या वेळेचे पैसे वेगळे मोजावेत. मी हल्ली त्या हिशेबनिसांना बैठकीमागे ३०० रुपये देतो. पॅकेजला पाचपैकी दोन गुण, बुधवारला साडेचार.

२०० कार्डांपैकी दीडशेच्या वर अजून उरली आहेत, कारण त्यांवर तो रद्द झालेला जीएसटी क्रमांक छापलेला आहे. त्यावर रेघ मारून मागच्या कोऱ्या बाजूला मी बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचे प्रमाण लिहून देतो: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर.