गाय भरवताना वळू कोणता: सगळ्यात जास्त दुधाचा की मधला?

गाय माजावर आली की आपण डॉक्टरांना फोन करतो, आणि त्यांच्या कंटेनरमध्ये त्या दिवशी असेल ती वीर्याची कांडी पडते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, एवढं आपण काटेकोर पाळतो. वळू कोण होता, हे मात्र बहुतेकांना विचारावंसंही वाटत नाही. आज पडलेल्या कांडीची कालवड दुधाला यायला तीन वर्षं लागतात, आणि तोवर तो वळू कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आठ-दहा संकरित गायी असलेल्या गोठ्याचा विचार करून हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो: दुधाचा सर्वात मोठा आकडा असलेला वळू आपल्या गोठ्याला बहुधा चुकीचा असतो.

होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीचे दोन वळू शेजारी ठेवू. आकडे मासल्याचे आहेत, पण वळूंची अमेरिकन यादी उघडली की अशा जोड्या भरपूर दिसतात. पहिल्याच्या मुलींचं दूध ठरलेल्या पायापेक्षा अधिक १८०० पौंड, फॅटचा टक्का उणे, मुलींच्या गाभण राहण्याचा आकडा उणे २.५, उंची भरपूर. दुसऱ्याचं दूध अधिक ७००, फॅटचा टक्का थोडा अधिक, गाभण राहण्याचा आकडा अधिक २, उंची बेताची, कास वर बांधलेली.

दुधात फरक ११०० पौंडांचा, म्हणजे एका वेताला साधारण ५०० किलो. ३०५ दिवसांवर वाटलं तर रोजचं दीड लिटर आणि वर थोडं. तेही तिकडचा चारा आणि तिकडची हवा धरून. आपल्या मुरघासावर आणि एप्रिलच्या उन्हात त्यातलं किती हाती लागेल, ते ज्याचं त्याने पाहावं. दुसऱ्या बाजूला गाभण राहण्याच्या आकड्यातला एक गुण म्हणजे भाकड-रिकामे दिवस सुमारे चारने कमी-जास्त. साडेचार गुणांचा फरक म्हणजे अठरा दिवस, जवळजवळ एक माज. गाय एकदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की एकवीस दिवसांची वैरण आणि पेंड फुकट, शिवाय डॉक्टरांची फी वेगळी. रोजचे २५० रुपये धरले तरी पाच हजारांच्या वर जातं. दीड लिटर दूध कागदावर मोठं दिसतं, कारण ते रोज मापात पडतं. उलटलेल्या गायीचा खर्च कोणत्याच मापात पडत नाही.

उंचीचंही तेच. सहाशे किलोची गाय वजनाच्या तीन-सव्वातीन टक्के कोरडा चारा मागते, म्हणजे अठरा-एकोणीस किलो. चारशे किलोच्या गायीचं बारा-तेरा किलोत भागतं. मोठ्या गायीचं नुसतं अंग सांभाळायलाच जास्त लागतं, ती दूध देवो न देवो. आपल्या पहिलारू कालवडींना मोठ्या चणीच्या वळूची कांडी दिली तर विताना अडण्याचा धोका वेगळाच. माझी एक कालवड अशी अडली होती. वासरू गेलं, जार पडला नाही, आणि ती पुढे चार वेळा उलटली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कांडी निवडतानाच विचारायला हवं होतं. यादीत सुलभ विण्याचा रकाना असतो; पहिलारूला त्यातला अडण्याचा टक्का जितका कमी तितकं बरं.

अमेरिकेतल्या मांसाच्या अँगस गायीवाल्यांनी हा धडा दोन्ही टोकांनी घेतला. १९५० च्या दशकात प्रदर्शनांत कमरेच्या पट्ट्याला लागतील इतकी बुटकी जनावरं जिंकत होती. मग सगळे उंचीच्या मागे लागले आणि १९८० च्या दशकापर्यंत जनावरं इतकी मोठी झाली की साध्या कुरणावर ती टिकेनात. आता तिथले बरेच पशुपालक पुन्हा मध्यम चणीचा, सगळ्या अंगांनी समतोल वळू शोधतात. एकाच गुणामागे धावल्याचा हा परिणाम. होल्स्टीनमध्येही तसंच घडलं. १९६२ साली जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या वळूने जगभर दूध वाढवलं, पण त्याच्या एका दोषी जनुकामुळे अंदाजे पाच लाख गर्भ पोटातच गेले, हे फार उशिरा कळलं. म्हणून तोच वळू पिढ्यान्‌पिढ्या वापरू नका. आई ज्या वळूची, त्याच वळूची कांडी मुलीला पडली तर नुकसान आपल्याच गोठ्यात सुरू होतं.

आता जर्सी की होल्स्टीन? हा वाद दरवर्षी पारावर होतो. २० लिटर होल्स्टीन दुधात ३.५ च्या फॅटने ७०० ग्रॅम फॅट निघतं, आणि १४ लिटर जर्सी दुधात ५ च्या फॅटने तेवढंच निघतं. मग जर्सी चांगली, असं वाटतं. पण आपल्याकडे संकलन केंद्रावर गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो. खाली गेलं की कापतात, वर गेलं की मात्र तितका भाव वाढवून मिळत नाही. त्यामुळे केंद्रावर दूध घालणाऱ्याला जर्सीचा पूर्ण फायदा मिळत नाही. घरी तूप-पनीर करणारा किंवा शहरात थेट गिऱ्हाईक असणारा असेल तर जर्सीच बघावी, चारा कमी लागतो आणि ऊनही जास्त सोसते. कोकणात किंवा विदर्भात राहत असाल तर हा मुद्दा अजून जड होतो. संगमनेर-फलटण पट्ट्यात पाणी, मका, पंखे, फॉगर असतील तर होल्स्टीन चालते, पण तीही वर सांगितल्यासारख्या मधल्या वळूची.

गीर मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल उत्साह जास्त आणि हिशेब कमी दिसतो. तुमच्या गोठ्यात शुद्ध गीर असेल तर चांगल्या वळूची गीरचीच कांडी लावा, प्रश्नच नाही. पण ७५ टक्के होल्स्टीन गायीला गीर लावली की कालवडीत होल्स्टीन ३७.५ टक्क्यांवर येते. ऊन सोसेल, गोचीड कमी लागेल, पण दूध खाली येईल आणि वासराशिवाय पान्हा सोडण्याची कटकट येऊ शकते. दर थेट ग्राहकाकडून चढा मिळत असेल तरच हे परवडतं.

रक्ताच्या टक्क्याकडे लक्ष ठेवा. संकरितासाठी सर्वसाधारण सल्ला विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा आहे. ५० टक्के गायीला पुन्हा शुद्ध होल्स्टीन दिली तर ७५, मग ८७.५. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणी ही संकरित गाय केली, तिच्यात होल्स्टीन निम्मी आणि जर्सी, गीर पाव-पाव; म्हणजे जर्सी धरून विदेशी रक्त तिच्यातही ७५ टक्के होतं.

सेक्स सॉर्टेड, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून वेगळ्या केलेल्या वीर्याच्या, कांडीचं विचाराल तर सुमारे ९० टक्के कालवडी होतात, पण गाभण राहण्याचं प्रमाण नेहमीच्या कांडीपेक्षा कमी. म्हणून ती चांगल्या अंगाच्या, नियमित माज येणाऱ्या कालवडींनाच द्यावी. तीन वेळा उलटलेल्या गायीवर महागडी कांडी वाया घालवू नका.

डॉक्टरांना आधी फोन करा आणि वळूचा नंबर विचारा. स्थानिक यादीत बहुतेक वेळा वळूच्या आईचं दूध मोठ्या अक्षरात असतं. मुलींची नोंद असेल तर तीच पाहा, कारण आईचं दूध म्हणजे अंदाज, मुलींचं दूध म्हणजे पुरावा. कांडीवर केंद्राचं नाव, वळूचा नंबर आणि तारीख छापलेली असते. भरवून झाल्यावर ती कांडी डॉक्टरांकडून मागून घ्या आणि वहीतल्या त्या गायीच्या पानावर चिकटवा, तीन वर्षांनी ती कालवड पहिल्यांदा दुधाला आली की ते पान उघडावं लागेल.