कूलंट कमी होतंय: बाहेरची गळती की हेड गॅस्केट?

टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, दर आठवड्याला खाली जातंय. गाडीखाली कधी थेंब दिसतो, कधी नाही. आंबा घाट चढताना तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला आणि गॅरेजात बॉनेट उघडल्या उघडल्या मेस्त्री म्हणाला, "हेड गॅस्केट उडालंय, हेड खोलावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग; तो आणि खालचा ब्लॉक यांच्या सांध्यातली सील करणारी पातळ पट्टी म्हणजे हेड गॅस्केट. अशा वेळी हो म्हणायचं की थांबायचं, या पेचात असलेल्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. प्रेशर टेस्ट आणि ब्लॉक टेस्ट झाल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावू देऊ नका. दोन्ही मिळून तास-दीड तासाचं काम आहे. हेड खोललं की गाडी बरेच दिवस उभी राहते, कारण फेसिंगसाठी, म्हणजे खालची बाजू मशीनवर सपाट करून घ्यायला, हेड गावातून रत्नागिरीला, कुडाळला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला न्यावं लागतं.

दोन्ही बिघाडांत कूलंट कमीच होतं. फरक दाब कुठून येतो यात आहे. गरम झाल्यावर कूलिंग सिस्टिममध्ये साधारण 1 बार दाब असतो. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो याच दाबाचा. या दाबामुळेच साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. होज (रबरी नळ्या), त्यांचे क्लॅम्प, रेडिएटर किंवा वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप) यांत कुठेही फट पडली की हा दाब कूलंटला बाहेर ढकलतो. पेट्रोल इंजिनच्या सिलिंडरमध्ये मात्र जळणाच्या क्षणी 50 बारच्या आसपास दाब असतो, डिझेलमध्ये शंभराच्याही वर. गॅस्केट सिलिंडरच्या कडेला फुटलं की तो वायू कूलंटमध्ये घुसतो. म्हणजे एकीकडे कूलंट बाहेर जातं, दुसरीकडे धूर आत येतो. पुढच्या सगळ्या खुणा यावरूनच वाचायच्या.

आधी बाहेरची गळती बघा, कारण आपल्याकडे कोकणात तिची शक्यता मोठी. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत क्लॅम्प गंजतात, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या हाताला भुगा लागावा इतक्या खराब होतात. त्यात कूलंट संपलं की विहिरीचं पाणी ओतायची सवय. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ, बोअरवेलचं जड. आतून गंज आणि क्षार धरतात आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर आतूनच कुरतडला जातो. पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि होज चावतात, हेही इथे नवं नाही.

जांभ्याची लाल धूळ मात्र शोधाला मदत करते. इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन बघा. ओल असेल तिथे धूळ गडद, चिखलासारखी चिकटलेली दिसते. ओल सुकली असेल तर हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खरपुडी दिसते. होजच्या टोकाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्याला आणि वॉटर बॉडीखालच्या बारीक भोकाशी खास बघा. त्या भोकातून ओघळ आला असेल तर आतला सील गेला, वॉटर बॉडी बदलायची. गाडीखाली पाणी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. आपल्या दमट हवेत एसी भरपूर पाणी गाळतो. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. कूलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि वासाला गोडसर. चाखून मात्र बघू नका, ते विष आहे. अंगणात सांडलं असेल तर कुत्र्या-मांजरांनी चाटायच्या आत धुऊन टाका. डाव्या सीटच्या पायाशी गालिचा ओला आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर हीटरची जाळी, म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, गळतेय.

आता गॅस्केटची बाजू. घरच्या घरी करता येणारी सगळ्यात उपयोगी परीक्षा सकाळची. गाडी रात्रभर उभी असू दे. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण एकदा उघडून आतला उरलासुरला दाब जाऊ द्या, पुन्हा घट्ट लावा आणि गाडी चालू करा. पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून रेडिएटरचा वरचा जाड होज दाबून बघा. चांगल्या इंजिनमध्ये तो पहिली काही मिनिटं मऊच असतो, कारण दाब वाढायला कूलंट तापावं लागतं. इंजिन अजून गार आहे आणि मिनिट-दोन मिनिटांत होज दगडासारखा टणक झाला, तर तो दाब सिलिंडरमधून आलाय. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, टाकीलाच दाबाचं झाकण असतं, परीक्षा तीच.

फसवणाऱ्या खुणाही आहेत, आणि हेड उगाच खोललं जातं ते बहुतेक यांच्यामुळेच. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली की लोक गॅस्केट गेलं म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाजारापर्यंत जाऊन यायचं आणि गाडी बंद, असं चाललं की इंजिन नीट तापतच नाही आणि हवेतली वाफ झाकणाखाली साचून अशी साय धरते. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावरचं ऑइलही चहासारखं झालं असेल आणि पातळी वाढली असेल, तर कूलंट खरंच ऑइलमध्ये उतरतंय. तरीही डिझेल गाडीत आधी ऑइल कूलर तपासून घ्या, तो फुटला तरी हेच दिसतं. पांढऱ्या धुराचंही तसंच. पावसाळी सकाळी सुरुवातीला वाफ निघतेच. इंजिन तापल्यावरही दाट, गोडसर वासाचा धूर येत राहिला तरच चिंता. आणि नव्या डिझेल गाड्यांत बाहेर एक थेंब न दिसता कूलंट गायब होत असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर थंड करणारा भाग) तडकलेला असू शकतो. तो बदलला की हेडला हातही लावावा लागत नाही.

प्रेशर टेस्टमध्ये झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं पंपाचा काटा बघतात. काटा खाली आला आणि बाहेर ओघळ दिसला, तर गळतीचं ठिकाण सापडलं. काटा खाली आला पण बाहेर सगळं कोरडं, तर गळती आत आहे. पेट्रोल गाडीचे प्लग काढून बघितले तर कूलंट शिरणाऱ्या सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा जास्त स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा दिसतो. याच पंपावर झाकणही तपासून घ्या. कमजोर स्प्रिंगचं झाकण कूलंट उकळवून बाहेर टाकतं आणि अगदी गॅस्केट गेल्यासारखंच भासवतं.

ब्लॉक टेस्ट वेगळा प्रश्न विचारते: कूलंटवरच्या हवेत जळलेला वायू आहे का? नळीत निळं द्रावण असतं, फुगा दाबून ती हवा त्यातून ओढतात. पेट्रोल गाडीत द्रावण पिवळं झालं, डिझेलमध्ये हिरवट-पिवळं झालं, की वायू आत येतोय हे पक्कं. कूलंट चुकून नळीत ओढलं गेलं तर निकाल धरू नका. निळं राहिलं म्हणून गॅस्केट शंभर टक्के शाबूत असंही नाही; गळती फक्त कूलंट आणि ऑइलच्या मध्ये असेल, किंवा गॅस्केट हेड-ब्लॉकच्या सांध्यातून बाहेर झिरपत असेल, तर ही चाचणी ती पकडत नाही. सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टवर एकट्यावर मी विसंबणार नाही. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम पडलं असेल तर ती बोलकी असते, पण बारीक चिरेला कॉम्प्रेशन अनेकदा ठीकच दाखवतं.

निदान झालं की दुरुस्तीचा निर्णय. बाहेरची गळती असेल तर विचार करण्यासारखं फार काही नाही. होज, क्लॅम्प, झाकण, वॉटर बॉडी बदला आणि मोकळे व्हा. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना ड्रायव्हरी उपाय जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरच्या बारीक भोकाला घरापर्यंत आणतो. आजच्या अॅल्युमिनियमच्या अरुंद नळ्यांत तीच हळद तुंबते. बाटलीतून मिळणाऱ्या गळती-बंद औषधाचंही तेच, आणि गॅस्केटवर ते टिकत नाही. विकायच्या गाडीत ते ओतून घेणाऱ्याला काही न सांगणं मला अजिबात पटत नाही.

गॅस्केट ठरलंच, तर गाडी एकदाच गरम झाली होती की काटा लालमध्ये असतानाही चालवली होती, यावर सगळं अवलंबून. गॅस्केटची किंमत थोडी, खर्च मजुरीचा आणि लेथचा. हेडचा सपाटपणा मोजायला सांगा. बऱ्याच इंजिनांत मर्यादा 0.05 मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या इंजिनचा आकडा कंपनीच्या पुस्तकात सापडेल. तडा आहे का हे बघायला हेड दाबावर तपासून घ्या. कंपनीने एकदाच वापरायचे म्हटलेले हेड बोल्ट नवेच घ्या आणि ते टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), ठरलेल्या क्रमाने आवळायला लावा. हे करायची ज्याची तयारी नाही त्याच्याकडे हेड खोलू नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

हेड तडकलं किंवा इंजिन जाम झालं, तर जुनं इंजिन बसवण्याचा पर्याय पुढे येतो. तो घेताना इंजिनची कागदपत्रं बघा, आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. गाडीची बाजारातली किंमत त्या खर्चाच्या जवळपास असेल, तर मी आहे तशीच विकेन.

निदान होईपर्यंत गाडी घाटात घालू नका, कुंभार्ली असो की आंबोली. काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा. गरम झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका. अॅल्युमिनियमचं हेड त्याने वाकू शकतं. चढलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून पुढे निघू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला तरी काटा असाच पडतो. तिथून पुढे गाडी टो करूनच न्यायची.